हिराजीकाकांचा परवाना

हिराजीकाकांच्या घरात पाऊल टाकलं की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "कदी संपतंय?"

नवखा माणूस गांगरायचा. काय संपतंय? मग काका त्याच्या स्कूटरकडे, खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे, कधी त्याने आणलेल्या बिस्किटाच्या पुड्याकडे बोट दाखवायचे. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संपायची तारीख लिहिलेली असते आणि माणसं नेमकी तीच सोडून बाकी सगळं वाचतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा मी मोठ्या हौसेने तासगावहून बेदाणे नेले. काकांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तारीक नाय हाय. म्हंजे आजच खाऊया." आणि खरंच, दोघांनी बसून अर्धी पिशवी संपवली.

काका सातपाटीचे. मच्छीमाराच्या घरात जन्मले आणि त्यांना बोट लागायची! बंदर मागे पडायच्या आत ओकाऱ्या सुरू. भावांनी जन्मभर त्यावरून त्यांची टिंगल केली. समुद्रावर जाता येत नाही म्हणून ते किनाऱ्यावर बसून बोटींवरचे वायरलेस सेट दुरुस्त करायला शिकले, आणि त्या नादात हॅम झाले. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना मिळतो आणि परवान्यासोबत काही अक्षरांचं एक नाव मिळतं, कॉलसाइन. मग आपल्या घरातून, आपल्या सेटवरून, आपण जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलू शकतो. पण परवान्याला मुदत असते. ती संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करायचा. नाही केला, तर दुसऱ्या दिवसापासून सेट नुसता ऐकायचा, बोलायचं नाही.

काकांनी आपला कॉलसाइन घराच्या दारावर रंगवून घेतला होता, बोटीच्या तोंडावर तिचं नाव रंगवतात तसा, निळ्या अक्षरांत. खाली खडूने मुदतीची तारीख. पोस्टमनपासून मासळी घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्या गावाला काकांचा परवाना कधी संपतो ते पाठ होतं. त्या दारावरची अक्षरं मी इथे लिहिणार नाही. ती लिहायचा मला हक्क उरलेला नाही, का ते पुढे येईलच.

मी बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरीला लागलो आणि जवळच पामला खोली घेऊन राहू लागलो. या भागात माझं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. कारखान्यातल्या एकाने सातपाटीच्या या अवलिया माणसाबद्दल सांगितलं म्हणून एका रविवारी गेलो. पुढचं वर्षभर दर रविवारी जात राहिलो. काका मला मोर्स शिकवायचे. टेबलावर बोटाने टकटक करत ते मजकूर पाठवायचे आणि मी वहीत उतरवायचो. पलीकडे यमुनाकाकू बोंबील साफ करत असायच्या. माझं चुकलं की काका काही बोलायचे नाहीत, काकूच ओरडायच्या, "अरे, ते टिंब नाय, रेघ हाय! मला येतंय आता, तुला कसं येत नाय?" मी पास झालो त्या दिवशी काकांनी मला मिठी वगैरे मारली नाही. माझा परवाना उन्हात धरून वाचला आणि विचारलं, "कदी संपतंय?"

नियमाच्या बाबतीत हा माणूस भयंकर होता. शेजारचा एक बोटमालक एकदा घाईघाईने आला. त्याची बोट वेरावळला गेली होती आणि ती चालवणाऱ्या तांडेलाचा फोन लागत नव्हता. "काका, तुमच्या सेटवरून तिकडच्या कोनाला तरी सांगा ना, बर्फ जास्त घ्या म्हनावं."

"फोन लाव," काका म्हणाले.

"लागत नाय म्हनून तर आलो."

"मंग परत लाव. हा सेट धंद्याचा नाय. सरकारने मला बोलायला दिलाय, बर्फ मागवायला नाय."

त्या मालकाने काकांशी बोलणं टाकलं. पुढे मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही दिलं नाही. काही वर्षांनी एका वादळात किनाऱ्यावरचे सगळे फोन बंद पडले आणि याच मालकाची बोट परतली नाही. काकांनी उजाडल्यापासून दुपारपर्यंत गाडीच्या बॅटरीवर सेट चालवला, जेवले नाहीत, जागचे हलले नाहीत. गुजरातच्या एका हॅमकडून बोट तिकडच्या बंदरात लागल्याचं कळलं तेव्हा स्वतः चिखलातून त्या मालकाच्या घरी चालत गेले. मालक पाया पडायला लागला. काका म्हणाले, "माज्या नको पडू. आज नियमात बसत होतं."

त्यांच्याकडे एक वही होती. डहाणूपासून वैतरणेपर्यंत जितके म्हणून हॅम आहेत, त्यांची नावं, कॉलसाइन आणि मुदतीच्या तारखा तिच्यात होत्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मुदतीच्या दोन महिने आधी त्या त्या माणसाला काकांचा फोन जायचाच. पालघरच्या एका डॉक्टरांना त्यांनी दवाखान्यात फोन करून सुनावलं होतं, "डॉक्टर, पेशंट थांबतील, तारीक थांबनार नाय." लोक हसायचे, कंटाळायचे, पण अर्ज भरायचे. आमच्या भागात एकाचाही परवाना कधी चुकला नाही, हा काकांचा एकमेव अभिमान. "सेट बिघडला तर मी दुरुस्त करून देईन," ते म्हणायचे, "परवाना संपला तर काय दुरुस्त करू?"

मग त्यांची स्वतःची तारीख जवळ आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि पूर्वी टपालाने जाणारा अर्ज आता ऑनलाइन झाला होता. मुदतीला चांगले चार महिने असताना काका एसटीने पामला माझ्या खोलीवर आले. अवकाळी भुरभुर पाऊस होता. परवान्याची प्लास्टिकची फाईल त्यांनी सदऱ्याच्या आत पोटाशी धरून आणली होती. ती माझ्या हातात देत म्हणाले, "हे घे. ह्यात माजं नाव हाय."

मी त्याच संध्याकाळी अर्ज भरायला बसलो. आळशी आहे, पण इतकाही नाही. सगळं भरलं, शेवटी परवान्याची प्रत जोडायची होती. फाईल मोठी आहे, लहान करा, असं संकेतस्थळ म्हणालं. लहान केली तर अक्षरं पुसट आहेत म्हणालं. तिसऱ्या वेळेला त्याने मलाच बाहेर काढलं. उद्या बघू म्हणून मी अर्ज अर्धवट जतन करून ठेवला. काम दहा मिनिटांचं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मी कॅन्टीनमध्ये रांगेत होतो, हातात ताट, मागे चार माणसं. "गेला का रे अर्ज?"

"गेला काका."

असं मी का म्हणालो, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. खोटं बोलण्यात माझा काही फायदा नव्हता. फाईलचा आकार, पुसट अक्षरं, हे सगळं त्या रांगेत समजावून सांगायचा कंटाळा आला, एवढंच. संध्याकाळी पाठवून टाकू म्हणजे खोट्याचं खरं होईल, असा हिशेब केला. संध्याकाळी कारखान्यात पंप बंद पडला. मग प्लांटचं शटडाऊन आलं, मग बहिणीचा साखरपुडा. कारणं शोधण्यात मी कधीच कमी पडलो नाही. महिन्याभराने काकांनी विचारलं, "पोच आली?" मी म्हणालो, "सरकारी काम आहे काका, येईल." कारण आता राहिलाय म्हणालो असतो तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं.

"सरकार उशीर करतं, पन पोच देतं," काका म्हणाले. आणि मग, "बरं. तू बोलतोस म्हंजे गेला आसंल."

नंतर मी ते विसरलोच. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. ज्या माणसाने मला टिंब आणि रेघ शिकवली त्याचं नाव माझ्या कपाटात, लाईटबिलांच्या खाली, प्लास्टिकच्या फाईलमध्ये पडून राहिलं.

आमच्या भागातले हॅम रोज सकाळी सातला एका ठरलेल्या जागी जमतात. जमतात म्हणजे हवेतच. पालघरच्या एक निवृत्त शिक्षिका हजेरी घेतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या एकेकाचा कॉलसाइन पुकारतात, आणि ज्याने त्याने दोन शब्द बोलायचे. त्या सकाळी मी पहिल्या पाळीला निघताना हँडसेटवर, म्हणजे हातात धरायच्या छोट्या सेटवर, ऐकत होतो. काकांची पाळी आली.

"माज्या परवान्याची मुदत आज संपते," काका म्हणाले. "अर्ज येळेत गेलेला हाय. नवा कागद हातात येईपरेंत मी ऐकनार, बोलनार नाय. मला हाका मारू नका. ऐकू येतं आन् उत्तर देता येत नाय म्हंजे बरं नाय वाटत."

बाई हसल्या. "अहो काका, चार दिवस बोललात तर कोण पकडायला येणार आहे?"

"कोन पकडायला येत नाय, बाई, म्हनून तर पाळायचं."

अर्ज येळेत गेलेला हाय. सगळ्यांच्या देखत, माझ्या भरवशावर, त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं. मी पाळी बुडवली, खोलीवर परत जाऊन तो अर्धवट अर्ज उघडला आणि फाईल लहान करत बसलो. या वेळी कशी कोण जाणे, पहिल्या झटक्यात जमली. पण दिवसभर संकेतस्थळ उघडत-मिटत राहिलं, आणि अर्ज पुढे सरकला तेव्हा तारीख उलटून गेलेली होती. आता उशिराचं कारण लिहून त्याखाली अर्जदाराची सही हवी, असा नवा रकाना समोर आला.

सही हवी म्हणजे काकांकडे जायला हवं. ते धैर्य गोळा करायला मला तीन आठवडे लागले.

गेलो तेव्हा दुपार होती. काका कुणाचा तरी सेट उघडून कथिलाचा डाग देत बसले होते, डोळा अगदी तारेला लावून. काकू बाहेर बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांनी डाग द्यायची कांब स्टँडवर ठेवली, भिंतीवरचं बटण बंद केलं. ती थंड होईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

"पयल्या दिवशी खरं बोलला आसतास, तर किती येळ लागला आसता?"

"दहा मिनिटं."

"हं."

त्यांनी मला दोन कानफटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी कागद पुढे ओढला. "कारन काय लिवतोस?"

"तांत्रिक अडचण, असं लिहितो."

"नको. एका अर्जात दोन खोट्या गोष्टी नकोत. लिव, अर्जदाराचं दुर्लक्ष."

"काका, दुर्लक्ष माझं आहे."

"अर्ज कोनाचा? माजा. सही कोनाची? माजी. मंग चूक तुजी कशी?" असं म्हणून त्यांनी चाचपडत, रेघेच्या जरा खालीच, सही केली. मग काकूंना हाक मारली, "अगं, ह्याला चाय दे, उन्हातून आलाय." मी चहा प्यायलो. नाही म्हणायची सोय नव्हती.

काकांनी बाईंनाही फोन करून सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हजेरीत जाहीर केलं, "मंडळी, एक गंमत. काकांचा अर्ज गेलाच नव्हता म्हणे. स्वतःच विसरले! वय झालं म्हणतात." सगळे हसले. प्रेमानेच हसले. डॉक्टर म्हणाले, "आम्हाला दवाखान्यात फोन करून झापणारे काका स्वतःचीच तारीख विसरले, हे आता आम्ही जन्मभर सांगणार." हँडसेट माझ्या हातात होता. बटण अंगठ्याखाली होतं. ते दाबून चार वाक्यं बोलायची होती. मी अंगठा उचलून सेट बंद केला आणि कामावर गेलो.

पहिली चूक आळसाची होती म्हणा, दुसरीला नाव नाही.

अर्ज सरकारदरबारी पडून राहिला. मी रोज बघायचो, रोज तेच उत्तर, विचाराधीन. सातपाटीला जाणं मी बंद केलं. काकांचा एकदोनदा फोन आला, तेव्हा मीटिंगमध्ये आहे म्हणालो. इन्स्ट्रुमेंटवाल्याच्या कसल्या मीटिंगा! पावसाळा सरत आला, नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा समुद्रावर गेल्या. एका सकाळी मला राहवलं नाही. मी खोलीच्या गच्चीवर जाऊन काकांचा कॉलसाइन पुकारला. त्यांनी हाका मारू नका म्हटलं होतं, तरी पुकारला. "काका, मी बोलतोय, बोईसरवरून. ऐकताय का?" तीनदा विचारलं. सेटमधून नुसती खरखर आली.

तेव्हा मला काय वाटलं असेल? मला त्यांचा राग आला! एवढं काय केलंय मी, निदान हूं तरी म्हणावं, असं मनात आलं. चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण माझ्यासारख्यांना बघूनच कुणीतरी केली असणार.

दिवाळीनंतर काका गेले. ताप आला, चार दिवस अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. दुसऱ्या सकाळी बाईंनी हजेरीत त्यांचा कॉलसाइन तीनदा पुकारला आणि दर वेळी उत्तरासाठी जागा सोडली. आमच्यात गेलेल्या माणसाला असाच निरोप देतात. तेराव्याला सातपाटीला सगळे जमले होते. डॉक्टर म्हणाले, "काका आयुष्यात एकदाच चुकले, आणि तेही स्वतःच्याच बाबतीत." लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली.

माणसं पांगल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि दोन वह्या हातात ठेवल्या. एक ती तारखांची, दुसरी सेटशेजारची रोजची नोंदवही. "तुलाच दे बोलले होते."

"काकू, ते माझ्यावर रागावले होते का हो?"

"रागावले?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू हाक मारलीस त्या दिवशी मला चुलीवरून उठवून नेलं, ऐक बोलले, पोराचा आवाज बघ कसा येतोय. बटनावर हात ठेवून बसले होते. मी बोलले, दाबा की, कोन बघतंय? तर हात मांडीखाली घेतला."

नोंदवही मी खोलीवर येऊन उघडली. मुदत संपली त्या दिवसापासून रोजच्या सकाळची एक ओळ होती. मोतीबिंदूमुळे अक्षर मोठं मोठं होत गेलेलं. तारीख, वेळ, कोण कोण बोललं, आणि शेवटी दर वेळी तेच, "ऐकले. उत्तर नाही." पानंच्या पानं. माझ्या त्या सकाळची ओळ जरा लांब होती. "बोईसर. पोराने हाक मारली, तीनदा. पाच-नऊ. ऐकले. परवाना नाही म्हणून उत्तर नाही." पाच-नऊ म्हणजे आवाज अगदी स्पष्ट आणि भरपूर. आमच्यात याहून वरचे गुण नसतात.

मी वही मिटून खूप रडलो. त्याचा काही उपयोग नव्हता, तरी रडलो.

तारखांच्या वहीत काकांची स्वतःचीही ओळ होती. तिथे आधी "अर्ज गेला" असं लिहून पुढे कंसात माझं नाव घातलेलं असणार, कारण दुसऱ्यांच्या ओळींतही अर्ज कोणी भरला त्याचं नाव तसंच आहे. ते "अर्ज गेला" काट मारून खाली लिहिलं होतं, "राहिला. माझे दुर्लक्ष." आणि कंसातलं नाव ब्लेडने खरवडून काढलं होतं. उद्या ही वही कुणाच्याही हाती पडली तरी माझ्याकडे बोट दाखवलं जाऊ नये, म्हणून त्या अधू डोळ्यांच्या माणसाने कागद न फाटू देता एकेक अक्षर खरवडलं होतं.

दुसऱ्या सकाळी हजेरी संपताना बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" मी बटण दाबलं. काका विसरले नव्हते, असं म्हणालो. चार महिने आधी स्वतः एसटीने येऊन त्यांनी फाईल माझ्याकडे दिली होती. मी पाठवला नाही आणि पाठवला म्हणून सांगितलं. परत परत सांगितलं. तुम्ही हसलात तेव्हाही मी ऐकत होतो. एवढं बोलून बटण सोडलं.

मग बाईंचा आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकाशी बोलावं तसा कोरडा. "पाच-नऊ. ऐकलं." आणि त्यांनी हजेरी बंद केली.

डॉक्टर अजूनही माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. वही आता माझ्याकडे असते. मुदतीच्या दोन महिने आधी मी फोन करतो, आणि "पाठवला" असं कुणी म्हणालं तर पोच दाखवा म्हणतो. लोकांना ते आवडत नाही. काकांच्या ओळीत, त्यांनी खरवडलेल्या जागी, मी माझं नाव पुन्हा लिहिलंय, पेनाने. कागद तिथे इतका पातळ झालाय की शाई मागच्या पानावर उतरली.